बिनजाळ्याची होडी

निर्मळच्या सत्यवती राऊतला वसईच्या पालिकेत सगळे 'भेटवस्तूवाल्या ताई' म्हणतात. शहराला मिळालेल्या भेटी सांभाळणं हे तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण लोक पालिकेला काय काय देतात ते एकदा बघून यावं! समया, तलवारी, भिंतीवरची घड्याळं, आणि गणपती तर इतके की त्यांचाच एक वेगळा वॉर्ड व्हावा.

ती यायच्या आधी या भेटींना कुणी वालीच नव्हता. आलेली वस्तू कपाटात जायची आणि पुढच्या सत्काराला तिथूनच बाहेर निघायची. एकदा फुलपाड्याच्या एका सोसायटीने चांदीच्या पत्र्याचा गणपती दिला. पुढे त्याच सोसायटीच्या अध्यक्षांचा सत्कार निघाला, आणि कुणीतरी घाईत तोच गणपती त्यांच्या हातात ठेवला. घरी जाऊन त्यांनी मूर्ती उलटी केली, तर खाली सोसायटीचंच नाव! बाप्पा घरी परतले म्हणून त्यांनी पेढे वाटले, ते वेगळं. पण शहरभर हसं झालं आणि भेटींसाठी एक माणूस नेमायचं ठरलं. सगळ्यांनी अंग काढून घेतलं, तेव्हा हे लोढणं सत्यवतीच्या गळ्यात पडलं.

तिने मात्र त्याचा दागिना केला. तळमजल्यावर काचेची कपाटं मागून घेतली, एकेक वस्तू पुसली आणि देणाऱ्यांना गाठून तिची हकिकत विचारली. "साहेब येतात नि जातात, शहर इथंच असतं. भेट शहराची," असं ती म्हणायची. कपाटांची किल्ली तिच्या कमरेला असायची. लोक हसायचे. हसोत बापडे, राखणाऱ्यावर जग हसतंच.

एके दिवशी पाचूबंदरचे जेम्सकाका चादरीत गुंडाळलेली एक होडी घेऊन आले. गुडघे गेल्यामुळे त्यांचं समुद्रावर जाणं सुटलं होतं. हातभर लांबीची ती सागवानी होडी त्यांनी घरी बसून घडवली होती.

"बाय, ही माज्या बापाची होडी. खरी तं कवाच मोडली. पन हिचा येक येक खिला माज्या हातचा हाय."

सत्यवती बघतच राहिली. सुकाणू होतं, डोलकाठी होती, नांगरसुद्धा होता. "आणि जाळं कुठंय, काका?"

जेम्सकाका ओशाळले. "जाल विनायचं काम आमच्या क्लेमेंटीनचं. ती बोलली, ते लोक उद्या कोनाला पन दिऊन टाकतील. मी नाय विनत." मग हळूच विचारलं, "मी कवा बगाया आलो तं दिसल ना?"

"दिसेल, काका. माझा शब्द."

होडी काचेत गेली, बिनजाळ्याची. येता-जाता सत्यवतीला तिची ती रिकामी जागा टोचायची. क्लेमेंटीनकाकींचं म्हणणं खोडून काढायला तिच्याकडे शब्दाखेरीज होतं काय?

आणि उन्हाळ्यात त्या शब्दावरच घाला आला. आयुक्तसाहेबांचा स्वीय सहायक सुमेध धापा टाकत आला. "ताई, हिमाचलच्या एका गावच्या नगराध्यक्षा आल्यात, कार्यक्रम सुरू झालाय आणि मोमेंटोवाला फोनच उचलत नाहीये. ती बोट द्या ना! डोंगरातून आल्यात त्या, एकदम युनिक वाटेल."

"ती द्यायची वस्तू नाही."

"साहेब हो म्हणालेत, ताई. माझी नोकरी जाईल!"

पोरगा खोटं बोलत नव्हता आणि वाईटही नव्हता. साहेबांना नाही म्हणणं म्हणजे खायचं काम नव्हे. तेवढ्यात सत्यवतीला टेबलाखालची पिशवी आठवली. ऑफिसातल्या लोकांसाठी सासूबाईंनी सुकेळी दिली होती. घरच्या वाडीतली राजेळी केळी उन्हात सुकवून, केळीच्याच वाळक्या पानात बांधलेली. ती पिशवी उचलून ती सुमेधच्या पुढे हॉलकडे निघाली.

"साहेब, होडी शहराची आहे," ती व्यासपीठाच्या बाजूला उभी राहून म्हणाली. "देणाऱ्याला मी शब्द दिलाय. तो मोडायचा असेल तर आधी ही किल्ली घ्या. नाहीतर ही सुकेळी द्या. आमच्या वसईची आहेत, आणि खाऊन संपतील, कुणाला सांभाळावी लागणार नाहीत."

साहेबांनी किल्लीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. मग पिशवी घेतली.

पाहुणीने पान तिथंच सोडलं. एक खाल्लं, दुसरं खाल्लं, आणि बाकीची पर्समध्ये टाकली. सुमेधच्या जिवात जीव आला. संध्याकाळी हे ऐकून सासूबाई मात्र तडकल्या. "माझी सुकेळी स्टेजवर? अगं, आधी सांगायचंस, नीट तरी बांधली असती!"

आठवड्याने जेम्सकाका आले, तेव्हा सोबत क्लेमेंटीनकाकी होत्या. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. काचेपुढे जाऊन म्हणाल्या, "उगड."

वस्तूंना कुणी हात लावायचा नाही, हा नियम सत्यवतीचाच. पण तिने मुकाट्याने किल्ली काढली. काकींनी होडीवरून बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून पाहिलं.

"धूल नाय," त्या म्हणाल्या, जणू तक्रारच करत होत्या. "मासलीच्या लिलावात बायका बोलत व्हत्या, पालिकेतल्या बायनं सायबाला होडी दिली नाय. ती तूच का?"

सत्यवतीने मान डोलावली. काकींनी पिशवीतून एक पुडी काढली. आत तळहाताएवढं जाळं होतं, बारीक दोऱ्याचं, कडेला वजनाला काळे मणी ओवलेलं. त्यांनी ते होडीच्या रिकाम्या जागी ठेवलं, घडी नीट केली, आणि मागे सरकल्या. जेम्सकाका डोळे पुसत होते आणि लपवत नव्हते. सत्यवतीचा ऊर भरून आला. एवढ्या भेटी तिच्या हाताखालून गेल्या होत्या, पण ही तिने कमावली होती.

तिने काच लावली, कुलूप घातलं.

"चावी कुटं ठेवतस?" काकींनी विचारलं.

"कमरेला."

"तितंच ऱ्हाऊ दे."