चार तारखेची वाट

लिफ्टमास्तरांना गरजेच्या दिवशी गरजेची वस्तू विकत घेताना कुणी पाहिलं असेल, तर त्याने खुशाल हात वर करावा. घरातला पंखा बंद पडला सव्वीस तारखेला आणि नवा आला चार तारखेला. मधले आठ दिवस सगळं घर पुठ्ठ्याने वारा घेत बसलं. बायकोचा वाढदिवस अठ्ठावीसचा, भेट चारची. लग्न झालेली लेक तोंडावर विचारायची, "बाबा, मला मूल होईल तेव्हा डॉक्टरांकडे चार तारखेनंतरची वेळ मागू का?" मास्तर अगदी गंभीरपणे म्हणायचे, "बाळ येईल तेव्हा येऊ दे गं. पाळणा मात्र चारला घ्यायचा."

आता तुम्ही म्हणाल, काय चिक्कू माणूस आहे! तसं नव्हतं हो. लिफ्ट दुरुस्त करण्यात या माणसाचा जन्म गेला. नऊ भाड्याची घरं बदलून झाली होती, आणि त्याची बायको लोकांच्या घरचे पडदे शिवायची. दर नव्या घरात खिडक्यांचं माप वेगळं, म्हणून स्वतःचे तेच ते जुने पडदे ती कधी कापायची, कधी तळाला पट्टी जोडायची. नवव्या घरात सामान लावताना ती एवढंच म्हणाली होती, "अहो, आता एकदाच काय ते माप घेऊ दे मला." ते वाक्य मास्तरांच्या काळजात रुतलं. एकेचाळिसाव्या वर्षी कर्ज काढून त्यांनी दोन खोल्या घेतल्या. बायकोने जुनेच पडदे लावले. "घर आपलं झालं की नवं कापड आणीन," ती म्हणाली. "अजून बँकेचं आहे ना!"

गोम अशी होती की हप्ते चौसष्टाव्या वर्षापर्यंत, आणि कंपनी साठाव्या वर्षी नारळ देणार. मधली चार वर्षं हप्ते भरायचे कशाने? आणि नाही भरता आले तर पुन्हा भाड्याचं दहावं घर, पुन्हा कात्री. मास्तरांच्या गुडघ्यांचीही तोवर कुरकुर सुरू झाली होती.

मग बँकेतल्या एका भल्या कारकुनाने सांगितलं, की पगार कर्जाच्याच खात्यात ठेवता येतो. जितके दिवस तो तिथे पडून राहील, तितके दिवस तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. ऐकणारे चारचौघे माना डोलावून घरी गेले. मास्तरांना मात्र ते तिथल्या तिथे कळलं. लिफ्टचंही तसंच असतं ना! दोराच्या एका टोकाला माणसांचा डबा, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन, आणि मोटरीला ओढावा लागतो तो फक्त दोघांतला फरक. म्हणजे पगाराचं वजन जितके दिवस टांगून राहील तितकं बरं. पण मग खायचं काय? तर कार्ड! किराणा, वीज, चपला, सगळं क्रेडिट कार्डावर. कार्डाचा हिशोब तीन तारखेला बंद व्हायचा आणि पैसे भरायचे तेवीसला. तीनला घेतलेल्या वस्तूचे पैसे वीस दिवसांत द्यायचे; तीच चारला घेतली तर पुढच्या महिन्याच्या तेवीसला, म्हणजे जवळजवळ पन्नास दिवसांनी, आणि तेही बिनव्याजी.

बावीस तारखेला, दुपारचा जेवणाचा डबा उघडायच्या आधी, मास्तर अख्खं बिल भरून टाकायचे. एक पैसा मागे नाही. कारण एकदा चुकलं की कार्डाचं व्याज असं मानगुटीवर बसतं की वर्षभराची बचत धुऊन निघते. मग वहीत त्या महिन्यात किती व्याज वाचलं ते लिहायचे आणि तेवढे पैसे मुद्दलात टाकायचे. सुरुवातीला वाचायचं किती? दोघांच्या बसभाड्याएवढं! मास्तर मात्र लॉटरी लागल्यासारखे घरी यायचे. पण वर्षं सरली, पगार वाढला, मुद्दल झिजलं, आणि शेवटचा हप्ता सरकत सरकत साठाच्या अलीकडे दिसायला लागला.

मास्तर छप्पन्न वर्षांचे असतानाची गोष्ट. महिन्याची दोन तारीख, सुट्टीची दुपार. ते चहा पीत बसले होते आणि बायको शिलाईच्या मशीनवर होती. आयुष्यभर लिफ्टची खरखर कान देऊन ऐकलेला माणूस. त्यांना काहीतरी खटकलं. शिलाई संपली की बायको दोरा दाताने तोडायची. तीस वर्षं तो आवाज त्यांच्या कानात बसला होता. आज कात्री वाजली. थोड्या वेळाने पुन्हा कात्री.

"काय गं, दाताला काय झालं?"

"कुठे काय?"

"इकडे बघ."

तिने बघितलं, आणि मास्तरांनी कप खाली ठेवला. डावा गाल टम्म सुजला होता. मशीनच्या खणात दुखण्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली, एक नाही, तीन.

"कधीपासून?"

"सत्तावीसपासून." मग जणू मास्तरांचीच समजूत घालावी तशी ती म्हणाली, "अहो, परवाच तर चार आहे. पाच-सहा दिवस निघाले, दोन निघणार नाहीत होय?"

 तिला हाताला धरून मास्तर चपलाही धड न घालता निघाले.

दातांची डॉक्टरीण तरुण आणि फटकळ होती. आतलं बघून तिने कपाळाला हात लावला. "मुळाशी पू झालाय. दात काढावा लागेल. चार-पाच दिवस आधी आला असतात तर वाचला असता. इतके दिवस कशासाठी थांबलात?"

"शिलाईची घाई होती," बायको म्हणाली.

"खोटं बोलतेय ती," मास्तर म्हणाले. "माझ्यामुळे थांबली. मीच तिला शिकवलं थांबायला."

दात निघाला. तोंडात कापसाचा बोळा घेऊन बायको बाहेर आली, तेव्हा काउंटरवरची मुलगी बिल करत होती. बोलता येईना, म्हणून बायकोने तिच्याकडची चिठ्ठी ओढली आणि लिहिलं, 'पैसे परवा दिले तर चालतील का?'

मास्तरांनी चिठ्ठी वाचली आणि भर दवाखान्यात, चार माणसांसमोर, हा धिप्पाड माणूस ढसाढसा रडायला लागला. बायको बोळ्यातून "अ हो, अ हो" करत त्यांची पाठ थोपटत राहिली. ज्याचा दात गेला तो धीर देतोय आणि ज्याचा शाबूत आहे तो रडतोय, असा सगळा उफराटा कारभार! मास्तरांनी डोळे पुसले आणि कर्जखात्यातून तिथल्या तिथे पैसे दिले.

त्या महिन्यात वहीत त्यांनी आकडा लिहिला नाही. 'एक दात गेला,' एवढंच लिहिलं. कार्ड पुढेही चाललं, बावीस तारीखही कधी चुकली नाही. पण औषधपाणी आणि बायकोच्या वाढदिवसाची अठ्ठावीस तारीख यांना त्यांनी नियमातून कायमचं बाहेर काढलं.

कर्ज फिटलं तेव्हा मास्तरांना साठ पुरी व्हायला सात महिने होते. बँकेतून घराचे कागद छातीशी धरून ते आले तेव्हा बायको मशीनवर होती. कागद तिच्या मांडीवर ठेवून ते म्हणाले, "ऊठ. माप घे. कापड आणायला जाऊ."

तिने कागदांवरून दोनदा हात फिरवला. मग सवयीने मान वळली ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "अहो, आज तीस. चारला जाऊ की."

"आत्ता," मास्तर म्हणाले.

ती खळखळून हसली. डावीकडची ती मोकळी जागा दिसली, आणि मास्तर घाईघाईने टेप शोधायला लागले.