फुकटची वकीलबाई

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी मोफत कायदेशीर मदतीच्या यादीत नाव घातलं. ज्याला वकील लावायची ऐपत नाही त्याला कोर्ट या यादीतला एक वकील नेमून देतं. यादीत पंचवीसेक नावं होती. त्यातले ज्येष्ठ होते ते नावापुरते. मोठा खटला आला की त्यांना नेमकी त्याच दिवशी नागपूरला तारीख असायची. उरलो आम्ही, ज्यांच्याकडे दुसरं काम नव्हतं ते. मी ब्रह्मपुरीकडची, धानवाल्याची मुलगी. घरी सांगितलं की सरकारी काम मिळालं. आईने शेजारणीला तसंच सांगितलं. मी ते दुरुस्त केलं नाही.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्याकडे एक फाईल आली. ती आधी दुसऱ्या वकिलाकडे होती. तो आमच्या बाररूममधलाच, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, हसरा माणूस. त्याने इतर कामांचं कारण सांगून ती परत केली होती. आरोपी भामरागडच्या पलीकडच्या एका पाड्यातला माडिया आदिवासी शेतकरी. त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कुणीतरी रानडुकरांसाठी विजेची तार टाकली होती. खांबावरून आकडा टाकून ओढलेली. पहाटे शेजारचा माणूस तिला लागून मेला. शेत ज्याचं, तार त्याची, असं धरून पोलिसांनी याला उचललं. मी फाईल हातात घेतली तेव्हा त्याला आत जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

तुरुंग दुसऱ्या जिल्ह्यात. एस.टी.ने जायला-यायला अख्खा दिवस मोडायचा. मी गेले नाही. तारखेला तो कोर्टातल्या व्हिडिओच्या पडद्यावर दिसायचा, भिंतीला टेकून उभा, कधी आवाज यायचा, कधी नाही. त्याला माडिया भाषा येत होती, थोडंसं मराठी. कोर्टात विचारायचे, वकील मिळाला का? तो मान हलवायचा. लिहून घ्यायचे, मिळाला.

त्याची बायको दर तारखेला यायची. आदल्या दिवशी निघायची, आलापल्लीला कुणाच्या तरी ओसरीवर झोपायची आणि सकाळी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसलेली दिसायची, पदराखाली तान्हं पोर घेऊन. मला पाहिलं की उठायची आणि काहीतरी बोलायची. मला शब्द कळायचा नाही. मी हाताने पुढच्या महिन्याचा आकडा दाखवायचे आणि निघायचे. पावसाळ्यात नदीला पूर असला की रस्ता बंद व्हायचा. मग ती यायची नाही, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटायचं. असे आठ महिने गेले. हे आठ महिने माझे आहेत. ते मी त्या पहिल्या वकिलाच्या खात्यात घालू शकत नाही.

नवव्या महिन्यात ती एकटी आली नाही. सोबत त्यांच्या गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई होती, पंचवीस-सव्वीसची, दोन्ही भाषा येणारी. तिने मला जिन्यातच अडवलं.

"मॅडम, हे बाई तुमाले किती दिवसापासून सांगून राह्यली, का तिचा नवरा त्या रात्री गावातच नोता. तुमी काऊन ऐकून घेत नाई?"

मी त्यांना घेऊन कॅन्टीनच्या मागच्या बाकावर बसले. बाईने कमरेची पिशवी सोडली. त्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद होता. भामरागडच्या दवाखान्याचं कार्ड. तिच्या तेव्हा चार वर्षांच्या असलेल्या मुलीला हिवताप झाला होता, बापाने तिला खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं होतं. भरती केल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख, दोन्ही कार्डावर होत्या. मधल्या दिवशी पहाटे तो शेजारी मेला होता.

मी कार्ड दोनदा वाचलं. आशाताईला विचारलं, हे आधी कुणाला दाखवलं होतं का. तिने बाईला विचारलं. बाईने खाली बघतच उत्तर दिलं.

"पयल्या वकीलभाऊले दाखवलं म्हणते. त्यानं पाह्यलं अन् वापस देल्लं. म्हणे, हे दवाखान्याचं आहे, कोर्टाचं नाई."

त्या दुपारी मी फाईल पहिल्या पानापासून वाचली. अशी आधी कधी वाचली नव्हती. वाचताना आणखी एक गोष्ट सापडली. माणूस कोठडीत असताना पोलिसांनी नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. खटला कसाही असो. फक्त एक अर्ज करावा लागतो, आणि तो दोषारोपपत्र यायच्या आत करावा लागतो. इथे दोषारोपपत्र अकरा दिवस उशिरा आलं होतं. अकरा दिवस तो दरवाजा उघडा होता. वकील नेमलेला होता. अर्ज नव्हता. दोषारोपपत्र आलं आणि दरवाजा लागला.

मी बाररूममध्ये गेले. तो पहिला वकील चहा पीत होता. माझ्यासाठीही सांगितला. मी त्याला ते अकरा दिवस दाखवले. मला वाटलं होतं की तो चिडेल किंवा खजील होईल. त्याने फाईल हातातही घेतली नाही.

"त्या नेमणुकीच्या पत्रांचा गठ्ठा येते आपल्याकडे," तो म्हणाला. "आरोपी तुरुंगात, गाव जंगलात, भाषा समजत नाई. कोणाले विचारायचं अन् काय मोजायचं? तू नवी आहेस. तुलेही समजंल."

मी चहा प्यायले. भांडले नाही. माझे स्वतःचे आठ महिने मला ठाऊक होते, आणि उद्या याच खोलीत बसायचं होतं.

जामिनाचा अर्ज केला. खटला आता सुरूच होणार आहे म्हणून तो नामंजूर झाला. खटला सुरू व्हायला पुढे पाच महिने लागले. मधल्या काळात मी पहिल्यांदा तुरुंगात गेले, आशाताईला सोबत घेऊन. तिने त्या दिवसाचं काम बुडवलं होतं. तो जाळीपलीकडे बसला. मी विचारलं, कार्डाचं पोलिसांना सांगितलं होतं का. सांगितलं होतं, तो म्हणाला. पहिल्याच दिवशी. मग वकिलाला का सांगितलं नाही? यावर त्याने आशाताईकडे बघून बराच वेळ काही सांगितलं. तिने मला दोनच वाक्यांत उरकलं. वकील कोण ते त्याला माहीतच नव्हतं. तुरुंगात कुणी कधी भेटायला आलंच नव्हतं.

साक्षीसाठी दवाखान्याचं रजिस्टर हवं होतं आणि ते ओळखणारी परिचारिका हवी होती. तिची बदली सिरोंच्याला झालेली. दोन तारखा तिला समन्स पोचलंच नाही. तिसऱ्या तारखेला ती स्वतः रजिस्टर काखेत घेऊन आली. साधी, ठाम बाई. म्हणाली, मुलीला तीन दिवस सलाईन होतं, बाप खाटेखाली झोपायचा, रोज सकाळी त्याच्याकडूनच मी रक्ततपासणीच्या कागदावर अंगठा घेतला. सरकारी वकिलांनी विचारलं, रात्री उठून गावी जाऊन परत येता आलं नसतं का? तिने सांगितलं, साहेब, त्या तीन दिवसांत नदीला पूर होता, आमचं औषधसुद्धा पलीकडून येत नव्हतं. रस्ता बंद असल्याचा तहसीलचा अहवाल मी आधीच मागवून ठेवला होता. न्यायाधीशांनी तो वाचला आणि एकदा पडद्यावरच्या आरोपीकडे पाहिलं. मला वाटतं, तीन वर्षांत त्याच्याकडे त्या खोलीतून कुणी नीट पाहिलं असेल तर तेव्हाच.

तो सुटला. सगळे मिळून तीन वर्षं दोन महिने. तार कुणी टाकली याचा शोध परत कुणी घेतला नाही. जो मेला त्याच्या बायकोला तर कुठलाच वकील नव्हता, आणि निकालाच्या दिवशी तिला कुणी बोलावलंही नाही.

तुरुंगाच्या दारात मी गेले होते. माझा हा पहिला निर्दोष निकाल होता, मला ते बघायचं होतं. बायको, तिच्या कडेवरचं धाकटं पोर, आशाताई आणि मुलगी आली होती. मुलगी आता सात वर्षांची. ती आईच्या मागे उभी राहिली आणि पुढे आली नाही. त्यानेही तिला बोलावलं नाही. तो आशाताईशी काही बोलला आणि त्याने माझ्याकडे मान वळवली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

आशाताई म्हणाली, "विचारते का, बाई पोलिसाच्या ऑफिसातली आहे का तुरुंगातली."

तुरुंगात भेटले तेव्हा मी कोण ते सांगायचं राहूनच गेलं होतं. आता सांगितलं, त्याची वकील. तिने त्याला सांगितलं. त्याने हात जोडले, जसे सुटताना त्याने दारावरच्या शिपायालाही जोडले होते.

पुढच्या वर्षी जवळच्या एका गावात कायद्याचं शिबिर झालं. मंडप, खुर्च्या, आणलेली माणसं. मोफत वकिलाच्या हक्कावर बोलायला त्या पहिल्या वकिलालाच बोलावलं होतं. तो छान बोलला. गरिबाला वकील नाही म्हणून न्याय नाही असं होणार नाही, म्हणाला. मराठीत बोलला. समोरच्या अर्ध्या बायका आपसात माडियात बोलत होत्या. त्याला शाल-नारळ दिलं. मी पहिल्या रांगेत होते. मीही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी मला तो सुटलेला माणूस कोर्टाच्या आवारात दिसला. त्याच्या धाकट्या भावावर जंगलातल्या लाकडाची केस झाली होती. आशाताई सोबत होती. मी विचारलं, मोफत वकिलासाठी अर्ज केला का, मी घेते हवं तर. तिने त्याला न विचारताच नकाराची मान हलवली. त्यांनी बैल विकला होता आणि मोठ्या वकिलाकडे चालले होते.

"तुमच्यावर राग नाई मॅडम," ती म्हणाली. "पण ते म्हणते, फुकटचा नको."

ते पायऱ्या चढून गेले. तो मोठा वकीलही यादीत होता. ज्येष्ठ म्हणून नाव वरच होतं त्याचं.

मी अजून यादीत आहे. आता माझ्याकडे पैसे देणारे पक्षकार येतात. महिन्यातून एकदा नेमणुकीचं पत्र येतं, आणि दोनातल्या एकावर मी लिहून पाठवते की सध्या इतर कामांत व्यस्त आहे. गेल्या आठवड्यात असंच एक परत पाठवलं. आरोपी एटापल्लीकडचा होता, एवढं वाचलं. गुन्हा कोणता ते वाचलं नाही.