सुटली

नेरच्या बसस्टँडवर तो बोर्ड लागला त्या वर्षी कपाशीत बोंडअळी होती आणि माझ्या आईच्या किडन्यांनी काम सोडलं होतं. भाऊ वावरात अडकलेला, म्हणून आईला डायलिसिससाठी अमरावतीला नेणं माझ्या वाट्याला आलं. वेळेवर पोचलो नाही तर मशीन दुसऱ्या पेशंटला लावत आणि आईला संध्याकाळपर्यंत ताटकळावं लागे. ते तिला झेपत नव्हतं.

बोर्ड दिसायला छान होता. गाड्यांत यंत्रं बसवली होती. गाडी कुठे आहे ते आपोआप कळणार आणि लाल अक्षरांत दिसणार. मग चौकशीची खिडकी कशाला, म्हणून ती बंद झाली. तिथला माणूस खेकसायचा खरा, पण यवतमाळहून निघाली, बसा गुमान, एवढं तरी सांगायचा. बोर्ड खेकसत नसे. त्यावर नुसतं यायचं, ‘यवतमाळ-अमरावती : सुटली’.

पहिल्यांदा ते वाचलं आणि मी आईला घाईनं उठवलं. मीच काय, अख्खा स्टँड पिशव्या उचलून काळीपिवळी जीपकडे निघाला. सुटली म्हणजे गेली, यात कोणाला शंकाच आली नाही. जीपवाले बोर्डावर भलतेच खूश. एकजण तर तो शब्द मोठ्यानं वाचून दाखवायचा. जीप भरल्याशिवाय हलली नाही. आई सुजलेले पाय दुमडून, चेपून बसली.

अर्ध्या वाटेत मागून हॉर्न वाजला आणि तीच बस, अर्धी रिकामी, आम्हाला ओलांडून पुढे गेली. मला रडूच यायचं बाकी होतं. आई मात्र हसली.

“सुटली म्हंजे आपल्याले सोडून गेली, असं काहून समजतं वं?” ती म्हणाली. “कुठून सुटली, ते त पाह्य. गाडी आपल्याकडंच येऊन राह्यलती.”

त्या दिवशी मशीन दुसऱ्याला गेलंच. आई दवाखान्याच्या बाकावर संध्याकाळपर्यंत पडून होती.

पुढे बोर्ड बघायला आलेल्या साहेबाला मी सांगितलं, शब्द बदला. माणूस भला होता. सगळीकडे हाच शब्द आहे, होईल सवय, म्हणाला. आणि खरंच झाली. सुटली असं दिसलं की आम्ही दोघी निवांत बसायचो, पाणी प्यायचो, आणि गाडी यायची. जाणं-येणं करून मी पार थकले होते, पण तेवढा वेळ बरा जायचा.

वेचणीच्या दिवसांत आई गेली. गल्लीतल्या बायका आल्या, पाठीवरून हात फिरवत एकेक जण म्हणाली, सुटली बिचारी. मायेनंच म्हणत होत्या, तरी मला त्यांचा राग आला.

बायका उठून गेल्या. भाऊ म्हणाला, “आत चाल, जराशी पड.” मी उठले नाही. तो शब्द ऐकला की बसून राहायचं, ही सवय मला तिनंच लावली होती.