जनावरांच्या आडाचं पाणी

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. तरी हे मीच लिहितोय. चूक माझी हाय, ती दुसऱ्याच्या हातानं लिहून घेणं मला पटत न्हाई.

वस्तीवर पाच-सहा बोर कोरडे गेले तेव्हा मी म्हणलो, लिंबाच्या अंगाला पाडा. भाऊबंद हसले. पाणी लागलं ते तिथंच. मग सगळी वस्ती माझ्या नळाला हंडे लावायची. त्याचा मला लई ताठा होता.

दिवाळीआधी लेक-सून ऊसतोडीला जायचे, तिथं पाचटाच्या कोपीत ऱ्हायचे. "पोरीला कोपीवर नेऊ नका. हितं शाळा हाय, घरचं पाणी हाय," असं मीच म्हणलो. सून रडली. पण माझ्यापुढं कोण बोलणार?

नातीचे दुधाचे दात पडून नवे आले ते पिवळट, वर तपकिरी पट्टे. मला वाटलं, नीट घासत न्हाई. रोज सकाळी दारात बसवून राखुंडीनं घासायला लावायचो. हिरड्यांतून रक्त यायचं. मी म्हणायचो, "अजून घास." ती घासायची.

त्या साली दवाखान्यातली एक ताई घरोघरचे बोर तपासायला आली. तिनं नातीचे दात बघितले, वजन केलं, दिवसाला किती तांबे पाणी पिते ते विचारलं, उकिडवं बसवून उठवलं.

"बाबा, पोरगी पिते त्याच नळाचं पाणी या बाटलीत द्या. पाण्यात फ्लोराईड जास्त असलं तर आधी दातावर दिसतं, मग हाडात उतरतं."

"मीबी तेच पितो की. मग मला का न्हाई काय होत?"

"तुमची हाडं वाढून झाली, बाबा. तिची वाढायचीत."

शेजारच्या वस्तीवरच्या हापशाचं पाणी असंच तपासून, पिऊ नका म्हणून त्याला लाल रंग मारून गेले होते. माझ्या बोरला लाल रंग? मी ताईला म्हणलो, "बसा, चहा घ्या." आणि बाटली घेऊन घरामागं गेलो. तिथं जुना आड हाय. त्याचं पाणी आम्ही फक्त जनावरांना पाजायचो. माणसाला बोरचं चांगलं, जनावराला आडाचं. बाटली त्या आडातून भरली. नात मागं येऊन उभी होती.

"आबा, हे तर म्हशीचं पाणी."

"गप. कुणाला सांगायचं न्हाई."

कागद आला, पाणी पिण्यालायक. मी तो पारावर सगळ्यांना वाचायला लावला. "बघा बे, माझं पाणी सरकारात पास झालं."

दोन वर्षं गेली. नात शाळेतून येताना वाटेत दोनदा बसायला लागली. गुडघे बाहेर फाकले. बीडला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं हाडांचा फोटो काढला, दात बघितले आणि म्हणला, "पाणी कुठलं पिता?"

"घरच्या बोरचं. तपासून घेतलंय."

नातीनं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं तसं तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मग मात्र मला ऱ्हावलं न्हाई. डॉक्टरला सगळं सांगितलं. तो म्हणला, दात असेच ऱ्हातील. पाणी बदला, पायाचं पुढं बघू.

एसटीत तिनं विचारलं, "आबा, ती ताई मला रागवंल का? मी तिला खरं सांगितलं न्हाई म्हणून."

दुसऱ्या दिवशी माझ्याच हातानं पाइपाला लाल रंग मारला. हंडा घेऊन येईल त्याला, बाईमाणसालासुद्धा, मी बाटली कुठून भरली ते सांगितलं. एकजण म्हणला, "आबा, आमची पोरंबी हेच प्यायली की." मी त्याचा हंडा आडावर नेऊन भरून दिला.

आता घरात आडाचं पाणी. या साली सून पोरीला कोपीवर घेऊन निघाली. मला विचारलं न्हाई, आणि तिचं बरोबर हाय. पोरगी गाडीत बसून तोंडावर हात धरून हसली. दात दिसू नयेत म्हणून ती आता तसंच हसते.

मी सुनेला एवढंच विचारलं, "तिथं पाणी कुठलं हाय?"