तीच ओळ दोनदा

डॉक्टर इजिप्तचे होते. बायॉप्सीचा रिपोर्ट त्यांनी टेबलावर ठेवला आणि इंग्रजीत अगदी सावकाश सांगितलं, "उजव्या व्होकल कॉर्डवर कॅन्सर आहे. अगदी सुरुवातीचा आहे."

माझ्या नवऱ्याने, अविनाशने, विचारलं, "डॉक्टर, मला गाता येईल ना?"

अस्सा राग आला मला! मुलगी आठवीत, आपण परमुलखात, आणि ह्या माणसाला गाण्याचं पडलंय. तिथेच एक ठेवून द्यावीशी वाटली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही बरे व्हाल याची मला बरीच खात्री आहे. आवाजाचं वचन मी देत नाही." अविनाशचा चेहरा उतरला तो तेव्हा, कॅन्सर ऐकून नाही.

व्होकल कॉर्ड म्हणजे स्वरतंतू. घशात दोन पडदे असतात, ते एकमेकांना नीट चिकटले की आवाज निघतो. एकावर गाठ आली की मधून हवा निसटते आणि आवाज बसतो. हे मला आता पाठ आहे. तेव्हा काही म्हणजे काही माहीत नव्हतं, म्हणून ज्यांच्या घरी हे दुखणं येईल त्या तुमच्यासाठी लिहितेय.

अविनाश कुवेतला मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर होता, पण ते पोटापाण्याचं. खरा तो ब्लूज गायचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, आणि गिटार वाजवायचा. आम्ही नाशिकला एकाच वर्गात होतो. हॉस्टेलच्या शेजारच्या खोलीतल्या मित्राकडून तो गिटार शिकला आणि शिकला तो बिघडलाच. नव्वदच्या दशकात कुवेतला आलो, तर इथे त्याला मार्टिन भेटला. मार्टिन गोव्याचा, अम्गऱ्याच्या औद्योगिक वस्तीत त्याचं वर्कशॉप, आणि शुक्रवारी बास गिटार. रिफायनरीतला एक इंग्रज ड्रम वाजवायला आला आणि बँड झाला. इथे बार नाहीत, त्यामुळे अहमदीच्या बंगल्यांतले दिवाणखाने आणि क्लबचे हॉल हेच त्यांचं रंगमंदिर. पुढे बहारीनहून, दुबईहून बोलावणी यायला लागली. एक कॅसेटही काढली, कोणाच्या तरी बेडरूममध्ये, खिडक्यांना रजया लावून. कुवेतमध्ये "तो ब्लूजवाला इंडियन" म्हटलं की लोक ओळखायचे.

मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. ब्लूजमध्ये म्हणे पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत काय तो निकाल लावायचा. प्रत्येक ओळीनंतर गिटारने तिला उत्तर द्यायचं. मी म्हणायची, "अरे, रडायचंच आहे तर एकदाच रड की. तेच तेच काय?" तो नुसता हसायचा.

मुलगी आठवीत गेली त्या उन्हाळ्यात त्याचा आवाज बसायला लागला. आणि गंमत बघा, त्याच्या मंडळींना आनंद झाला! ब्लूज गाणाऱ्याचा गळा खरखरीत असला की तो मुरलेला समजतात. मार्टिन म्हणाला, "बाबा, अब आया असली आवाज!" ड्रमवाला टाळ्या पिटायचा. मुग्धा, आमची मुलगी, म्हणायची, "आई, बाबा साउंड्स सो कूल." शुक्रवारी दुप्पट गर्दी व्हायला लागली. अविनाश तर हवेतच. घसा नीट राहावा म्हणून लोक ज्येष्ठमध चघळतात, आमच्याकडे खरखर जाऊ नये म्हणून हा कोमट पाणीसुद्धा घेत नव्हता.

मग गणपती आले. आमच्या खैतानच्या फ्लॅटमध्ये दीड दिवसाचा असायचा, आणि आरतीला अविनाश पुढे. शेवटच्या आरतीत एक ओळ लांबवायची असते. मुलं त्याच्याबरोबर श्वास धरून पैज लावायची, आणि जिंकायचा नेहमी अविनाशच. त्या वर्षी ओळ अर्ध्यात तुटली. नुसती हवा आली, फुस्स. शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, "किती भाव दाटून आलाय बघा!" भाव कसला डोंबलाचा! दहा वर्षं मी ती ओळ ऐकत होते.

"तुझा आवाज बिघडलाय, डॉक्टरला दाखव," मी म्हणाले. तो म्हणाला, "बघू."

महिन्याने पुन्हा तेच सांगितलं. "अगं, हीच तर कमाई आहे," म्हणाला. तिसऱ्यांदा सांगत बसले नाही. गाडीची किल्ली घेतली, त्याला बसवलं आणि पॉलिक्लिनिकला नेलं.

तिथून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. लॅरिंगोस्कोपी म्हणजे नाकातून बारीक नळी घालून घसा बघतात. दुखत नाही, ठसका लागतो. उजव्या पडद्यावर पांढरट डाग दिसला. मग भूल देऊन त्याचा बारीकसा तुकडा काढला. ती बायॉप्सी. रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात रडून घ्यायची आणि बाहेर येऊन दोघांवर ओरडायची. तुम्हालाही असं होईल. होऊ द्या.

उपचार ठरला रेडिओथेरपीचा, म्हणजे आजारी जागेवर किरण सोडायचे. आधी चेहऱ्यावर प्लास्टिकची कोमट जाळी दाबून मुखवटा करतात, म्हणजे मान हलत नाही. सहा-सात आठवडे, सुट्टीचे दिवस सोडून रोज. प्रत्यक्ष काम काही मिनिटांचं, बाकी सगळं बाकावर बसून वाट बघणं. बाकावर एक कुवेती आजी असायच्या. त्या रोज माझ्या हातात खजूर ठेवून "इन्शाल्ला" म्हणायच्या. एवढाच शब्द मला कळायचा, पण त्याने धीर यायचा.

तिसऱ्या आठवड्यानंतर गळ्याची कातडी काळवंडली, गिळताना आग व्हायची. मी बकाल्यातून, इथल्या वाणसामानाच्या दुकानातून, लबन आणायची, म्हणजे आपलं ताक, आणि त्यात गुरगुट्या भात कालवायची. मग आवाज पूर्णच गेला. अविनाश कुजबुजून बोलायला लागला, तेवढाच घशाला आराम म्हणून. डॉक्टर रागावले. "कुजबुजल्याने पडद्यांवर जास्त ताण येतो. एक तर बोला, नाही तर गप्प बसा." ही चूक सगळे करतात, तुम्ही करू नका.

तो गप्प बसला. दोन दिवस घरात इतकी शांतता की मला धडकी भरली. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "चहा टाकू?" उत्तरादाखल बाहेरच्या खोलीतून गिटारचे दोन सूर आले. वर जाणारे. हो.

"भात उरवलास का?" सूर खाली घसरत आले, अपराधी.

"नाटकं करू नकोस!" त्यावर एक असा लांबलचक, केविलवाणा सूर काढला, की मी हातातलं लाटणं ठेवून हसत सुटले. हसता हसता रडायला आलं. महिनाभर आमचं असंच चाललं. मी बोलायची, गिटार उत्तर द्यायची. भांडणसुद्धा झालं एकदा, आणि सांगते, गिटारच जिंकली.

उपचार संपले. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी नळीतून पाहिलं आणि म्हणाले, "स्वच्छ आहे. आता हळूहळू आवाज लावा." आवाज यायला आणखी काही महिने गेले. आला तो थोडा खालचा, दमणारा, पण साफ. खरखर गेली होती. अविनाश म्हणाला, "आता मला कोण ऐकणार?" तेव्हा मात्र मला राग आला नाही. मी म्हणाले, "मी आहे ना."

वसंतातल्या एका शुक्रवारी अहमदीच्या एका बंगल्यात तो पुन्हा उभा राहिला. मी पहिल्या रांगेत. त्याने गिटार लावली, माझ्याकडे बघितलं आणि चक्क मराठीत ब्लूज सुरू केला.

"बायको म्हणाली, आवाज बिघडलाय तुझा, दाखव जरा."

गिटारने उत्तर दिलं, तेच, लाटण्याच्या दिवसाचं.

"अरे, बायको म्हणाली, आवाज बिघडलाय तुझा, दाखव जरा."

पुन्हा गिटार. मग तिसरी ओळ. "दोनदा ऐकलं नाही, म्हणून गाडीत घालून नेलं, आणि आज उभा आहे खरा!"

"खरा"वर त्याने सूर लांबवला. आरतीतल्यासारखा. मी श्वास धरून बसले होते, आणि माझा श्वास आधी संपला.

त्याला दहा वर्षं झाली. तो अजून गातो. त्या डॉक्टरांचे, खजूरवाल्या आजींचे उपकार फिटायचे नाहीत. आणि तीच ओळ दोनदा का, हे मी आता विचारत नाही. पहिल्यांदा कोणी ऐकत नाही, म्हणून.

तेव्हा ऐका. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला, तर घशाच्या डॉक्टरला दाखवा.

अहो, आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला, तर घशाच्या डॉक्टरला दाखवा.

तिसरी ओळ तुमची.