सावलीत वाळवलेले बियाणे

डॉ. मालतीबाई देवगडे यांची नि माझी ओळख गुळाने झाली. साठचे दशक सरताना मी नागपुरात त्यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी म्हणून गेलो, तेव्हा बाईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी तो प्रसाद समजून तोंडात टाकला. तो होता पाण्यात विरघळवून बियाण्याला जिवाणू चिकटवण्यासाठी! "आता तुलेच पेरू का गा?" म्हणत बाईंनी दुसरा खडा दिला.

जिवाणू म्हटले की तेव्हा लोकांना रोगराईच आठवे. मातीतले काही जिवाणू मुळाशी वस्तीला राहून झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात, हे बाईंचे म्हणणे कुणाच्या गळी उतरत नव्हते. हरभऱ्याच्या मर रोगाने पछाडलेला वाफा त्यांनी हट्टाने मागून घेतला होता. "यंदा पीक उभं राहिलं नाही, तर वाफा परत," असे विभागप्रमुखांनी बजावले होते.

पेरणीच्या दिवशी पाहतो तो काय, शेतावरच्या शामरावांनी जिवाणू लावलेले सगळे बियाणे ऑक्टोबरच्या उन्हात पसरलेले! उन्हाने जिवाणू मरतात. मी धावत जाऊन बाईंना बोलावून आणले.

"ओलं होतं, म्हून वाळत टाकलं जी. चुकलं का?" शामरावांचा चेहरा उतरला होता.

"चुकलं खरं," बाई म्हणाल्या, "पण फेकू नका. हेही पेरून पाहू."

उरलेले जिवाणू त्यांनी नव्या बियाण्याला लावले, ते व्हरांड्याच्या सावलीत सुकवले आणि दोन्ही बियाणी शेजारी शेजारी पेरली. पुढे उन्हातल्या बियाण्याच्या ओळी माना टाकत गेल्या. सावलीतल्या ओळी मात्र घाट्यांनी लगडल्या. गूळ तोच, माती तीच. फरक होता जिवंत जिवाणूंचा. वाफा राहिला. विभागाच्या बैठकीत बाईंनी सांगितले, "ही तुलना शामरावांमुळे मिळाली." त्यांना कुणी बोल लावू नये, म्हणून आधीच घेतलेली ती काळजी होती. बाईंवर माझा जीव जडला तो त्या दिवशी.

आज बाई साठ वर्षांच्या झाल्या. बियाणे सावलीत ठेवा म्हणून गावोगाव कानीकपाळी ओरडणाऱ्या बाई स्वतः मात्र नागपूरच्या उन्हात उघड्या डोक्याने शिवार तुडवतात. बाई, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आपण मुळाशी होता म्हणून आमच्यासारखी कितीतरी रोपे तगली. आता आमचे एक ऐका, जरा सावलीत बसा.