निदान तिघे

सकाळी सात वाजून छत्तीस मिनिटांनी पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं, तिथून हे सगळं सुरू झालं. वेळ मला पक्की आठवते. एशूला पावणेआठला औषध द्यायचं होतं, म्हणून माझं अर्धं लक्ष घड्याळात होतं. एशू माझी मुलगी, दीड वर्षाची.

आमचं चर्च लहान. इंदूरमध्ये जुन्या पुस्तकातून मराठी उपासना करणारे आम्हीच उरलोय. ज्यांना गिटार आणि माइक हवा होता ते कधीच विजय नगरकडच्या मोठ्या हॉलात गेले. सणाला वीस-बावीस माणसं होतात, एरवी रविवारी चार-पाच. त्या दिवशी होते त्रिभुवनकाका, म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले आमचे जुने कारभारी. दुसरे आमचे मिस्टर. तिसरी मी, मांडीवर एशू. सिस्टरमावशी आल्या नव्हत्या, आणि त्या कधीही चुकत नाहीत.

पाळकसाहेबांनी वेदीवरून आमच्याकडे बघितलं, ओठ हलवत मोजलं आणि म्हणाले, "दोनच आहेत." मग सगळ्या जगासाठीची प्रार्थना केली, आशीर्वाद दिला आणि पुस्तक मिटलं. भाकर कापडाखाली होती तशीच राहिली.

बाहेर आल्यावर काका मला समजवायला लागले, "सूनबाई, तुम्ही बसलेल्या दिसता, पण तुम्हाला मोजता येत नाही."

असे किस्से आमच्याकडे साठतच जातात. माणसं कमी असली की प्रत्येकाचं प्रत्येक बोलणं लक्षात राहतं, दुसरं कारण नाही.

*

मोजता येत नाही, ते कसं, ते सांगते.

जुन्या पुस्तकात नियम आहे. पाळकांसोबत भाकर आणि प्याला घेणारे निदान तिघे असले तरच प्रभुभोजन करायचं. पाळकांनी एकट्याने उरकून चालत नाही. आणि घेणाऱ्याचं दृढीकरण झालेलं हवं, म्हणजे बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवलेला हवा. माझा बाप्तिस्मा लहानपणीच झालाय, पण मी इंदूरजवळच्या बेटम्याची. आमच्याकडे महिन्यातून एकदा कोणी पाळक यायचे, बिशप कुठून येणार?

लग्न होऊन आले तेव्हा पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात वाचलं, "निदान तिघे". मी सातवीपर्यंत शिकलेली, तीही अर्धी हिंदीत. माझ्या डोक्यात पलासियाची ती पाटी आली, निदान केंद्र, जिथे रक्त तपासतात. मला वाटलं, आधी तिघांची तपासणी होते की काय! द्राक्षारसाचा एकच प्याला सगळे पितात ना, म्हणून असेल. मला तर ते बरोबरच वाटलं.

मी सिस्टरमावशींना हळूच विचारलं, रिपोर्ट कुठे दाखवायचा?

मावशी सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होत्या. लग्न केलं नाही. हसू दाबून म्हणाल्या, "निदान म्हणजे कमीत कमी गं, पोरी." त्यानंतर दर रविवारी फाटकाशी भेटल्या की पहिला प्रश्न तोच, "काय, निदान झालं का आज?" म्हणजे तिघं जमले का.

*

तिघं जमवायचं काम काकांचं. सात वाजायच्या आधी ते फाटकाशी उभे राहतात, पोहे घ्यायला निघालेल्या माणसांकडेही आशेने बघतात.

एकदा पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ बाहेर मोबाइल बघत उभे होते. काकांनी विचारलं, "मराठी?" ते म्हणाले, हो. काकांनी हात धरून आत आणलं, पुस्तक उघडून हातात दिलं. ते गृहस्थ आम्ही उठलो की उठले, बसलो की बसले. उपदेशही पूर्ण ऐकला. काकांचा चेहरा फुलला होता, तिघं झाले म्हणून.

भाकर घ्यायची वेळ आली तेव्हा ते पुढे गेले नाहीत. मग कळलं, त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, घरात खंडोबा, आणि ते सोसायटीच्या मीटिंगचा पत्ता शोधत होते. काकांनी विचारलं, मग आधीच सांगायचं ना भिया, दीड तास बसलात कशाला?

ते पुस्तक परत देत म्हणाले, "आई गेल्यापासून इतकं मराठी कोणी माझ्यासमोर बोललं नव्हतं."

काकांनी त्यांना फाटकापर्यंत सोडलं. त्या दिवशीही प्रभुभोजन झालं नाही.

*

खरं कारण आता लिहूनच टाकते. दृढीकरण मीच टाळत होते.

लोकांना सांगायचे की वाचन कच्चं आहे, बिशपसाहेब प्रश्न विचारतात, मला नाही जमणार. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. एशू दिवस भरायच्या आधी झाली. बारा दिवस काचेच्या पेटीत होती, आणि मी बाहेरून तिची छाती वरखाली होताना मोजायची. अजून मोजते. घरात कोणी शिंकलं तर मी खिडकी उघडते, भांडी उकळते, मिस्टरांना हात धुवून मगच तिला घ्यायला लावते. आणि चर्चमध्ये प्याला एक. पाळकसाहेब काठ पुसतात, प्याला थोडा फिरवतात, पण प्याला एकच. मिस्टर पिऊन आले की मी त्यांना तोंड धुवायला सांगायची. देवाच्या प्याल्याबद्दल असं मनात आणणं पाप आहे, असं वाटून मला झोप लागायची नाही. तरी सांगायचीच.

मावशींनी मात्र माझं सांगितलेलं कारण खरं धरलं आणि शिकवायला घेतलं. प्रश्नोत्तरांचं छोटं पुस्तक आहे, बिशपसाहेब त्यातूनच विचारतात. पहिल्या दिवशी मावशींनी चष्मा लावला आणि विचारलं, "तुझे नाव काय?"

मला वाटलं, वय झालं, विसरल्या बिचाऱ्या. मी हळू आवाजात म्हटलं, "मावशी, मी वैशाली."

"माहीत आहे. तो पहिला प्रश्न आहे. आता दुसरा. हे नाव तुला कोणी दिले?"

हे तर सोपं होतं. मी म्हटलं, "आत्यानं."

पुस्तकातलं उत्तर होतं, माझ्या धर्म-आईबापांनी, बाप्तिस्म्यात. म्हणजे बाप्तिस्म्याला मूल घेऊन उभे राहतात त्यांनी. पण आमच्याकडे पाळण्यात कानाशी नाव सांगते ती आत्याच, ख्रिस्ती असलो म्हणून काय झालं! मावशी हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला आणि तो थांबेना. मी पाणी आणायला उठले. पाणी देताना मी तोंड एका बाजूला फिरवलं. त्यांनी ते पाहिलं. नर्सच त्या. पदर तोंडाशी धरला आणि पेला स्वतः धुवून पालथा घातला.

*

तो खोकला दोन महिने राहिला. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं त्या रविवारी त्या म्हणूनच आल्या नव्हत्या. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासणीला दिली, रिपोर्ट यायचा होता. मावशींनी स्वतःच काकांना फोन करून सांगितलं की रिपोर्ट येईपर्यंत मी चर्चमध्ये येणार नाही, पण मला प्रभुभोजन घरी हवं आहे, आणि लवकर हवं आहे.



आजाऱ्याच्या घरी नियम थोडा सैल आहे. आजाऱ्यासोबत घेणारे तिघे, नाहीतर निदान दोघे. पाळकसाहेब महूहून येतात, त्यांना बुधवारची दुपार जमत होती. एक काका. दुसरा कोण? आमचे मिस्टर ड्रायव्हर, ते त्यांच्या साहेबांची गाडी घेऊन चार दिवस नाशिकला गेले होते. काकांनी यादीतल्या दोन घरी फोन केला. एका घरी कोणाला सुट्टी नव्हती. दुसऱ्या घरच्या सूनबाईंनी सरळ सांगितलं, घरात लहान मूल आहे, खोकल्याच्या माणसासोबत एका प्याल्यातून आम्ही पिणार नाही.

काकांनी मला हे सांगितलं तेव्हा मला त्या बाईचा राग आला. लगेच लाजही वाटली, कारण माझं तरी दुसरं काय होतं!

मी म्हटलं, पण काका, माझं तर दृढीकरण झालेलं नाही. मनातून सुटका झाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी पाळकसाहेबांचाच फोन आला. पुस्तकात एक ओळ आहे, ते म्हणाले. ज्यांचं दृढीकरण झालेलं नाही, पण जे त्यासाठी तयार व इच्छुक आहेत, त्यांना देता येतं.

"वैशालीबाई, तुम्ही तयार आणि इच्छुक आहात का?"

 मी म्हटलं, "इच्छुक आहे. तयार नाही."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "दोन्ही लागतं. बुधवारी मावशींच्या दारात सांगा. नाही म्हणालात तर आम्ही नुसती प्रार्थना करू."

*

बुधवारी दुपारी एशूला मावशींच्या घरमालकीणबाईंकडे खाली ठेवलं. त्यांना तीनदा सांगितलं, हिला वर आणू नका. मग जिना चढले.

मावशींनी दोन्ही खिडक्या सताड उघडल्या होत्या. पलंग खिडकीच्या बाजूला ओढून घेतला होता, आमच्यासाठी सतरंजी दाराशी घातली होती. तोंडाला मास्क. स्टुलावर धुतलेलं पांढरं कापड, घडीच्या रेषा अगदी सरळ. नर्सचा हात. त्यांना पंधरा दिवसांत इतकं वाळलेलं बघून काकांनी चष्मा काढून पुसला.

पाळकसाहेबांनी दारातच माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तयार आहे." आवाज इतका बारीक आला की काकांनी "काय?" म्हणून विचारलं. पुन्हा सांगावं लागलं. मावशी माझ्याकडे बघत होत्या. मास्कवरचे डोळे तेवढे दिसत होते.

गुडघे टेकले. भाकर झाली. मग पाळकसाहेबांनी प्याला उचलला आणि मी डोळे मिटले. दवाखाना असो नाहीतर घर असो, आधी पेशंटला देतात. मावशी पितील, मग काका, मग मी. मी मनात एशूची छाती मोजत होते. पंधरा, सोळा. पाप तर पाप.

कोणीतरी घोट घेतल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर पाळकसाहेबांनी स्वतः घेतला होता. मग त्यांनी काकांना दिला. मग प्याला माझ्यासमोर आला. मी मावशींकडे पाहिलं. त्यांचा मास्क अजून तोंडावरच होता.

मी थांबले तसे पाळकसाहेब हळूच म्हणाले, "घ्या. असंच लिहिलंय पुस्तकात. आधी मी, मग सोबतचे, आजारी सगळ्यात शेवटी."

मी प्याले. जड, गोड, थोडं जाळणारं. आयुष्यात पहिल्यांदा.

मग मावशींनी मास्क खाली ओढला आणि प्याला दोन्ही हातांनी धरला. एक घोट घेतला. पाळकसाहेबांनी प्याला परत घ्यायला हात पुढे केला. पुस्तकात पुढे असंही आहे की प्याल्यात जे उरेल ते टाकायचं नाही, पाळकांनी पिऊन टाकायचं. मावशींनी प्याला सोडला नाही. दुसरा घोट घेतला. तिसरा. थांबून खोकल्या, खिडकीकडे तोंड करून, आणि मग मान मागे टाकून प्याला पार उपडा केला.

पाळकसाहेबांनी आत डोकावून बघितलं. थेंब नव्हता.

"पाणी घाला त्यात," मावशी म्हणाल्या. "विसळून तेही मीच पिते."

"सिस्टर, ते माझं काम आहे."

"माझंही हेच काम होतं, एकतीस वर्षं."

 पाळकसाहेबांनी पाणी घातलं. मावशींनी प्याला फिरवून फिरवून विसळला आणि ते पाणी पिऊन टाकलं. पांढऱ्या कापडाने काठ पुसला, ते कापड वेगळ्या पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली. मास्क वर ओढला. मगच माझ्याकडे वळल्या.

"वैशू, त्या घरच्या सूनबाईंना सांग. आणखी ज्या कोणी भितात त्यांनाही सांग. आजारी शेवटी पितो, आणि सगळं पितो."

मी सांगतेय. तुम्हीही पुढे सांगा.